घरांतील ध्वनियंत्र : रिसीव्हर घेतांना

गेल्या दिवाळीपासून आमच्या आत्याबाई रात्रीच्या जेवणानंतर बैठकीच्या खोलींत येईनाशा झाल्या. कारण विचारलें तर "मला पहांटे उठायचें असतें," असें म्हणून त्या वेळ मारून नेत. खरें कारण धाकट्या वहिनींच्या लक्षांत आलें. चित्रपटांतील माणसें काय बोलतात तें आत्याबाईंना कळत नव्हतें, आणि दर दोन मिनिटांनीं "काय म्हणाला ग तो?" असें विचारावयाचा त्यांनाच संकोच वाटूं लागला होता. टीव्हीचा आवाज वाढवावा, तर वाद्यांचा गोंगाट आधीं वाढे, पाळण्यांतलें मूल दचकून उठे, आणि बोलणें मात्र होतें तेथेंच राही.

उपाय म्हणून नवें ध्वनियंत्र घ्यावें असें ठरलें, आणि ठरतांच घरांत दोन पक्ष झाले. पुतण्यांचें म्हणणें, जुनें सामान सगळें भंगारांत द्यावें. हें जुनें सामान म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनीं, कै. अण्णांनीं, १९८४ सालीं हौसेनें घेतलेला अँप्लिफायर, स्पीकरांची जोडी आणि तबकड्यांचें यंत्र. थोरल्या वहिनी दर शनिवारीं तें स्वतः पुसतात. त्या कांहींच बोलल्या नाहींत. पण त्या शनिवारीं पुसणें नेहमींपेक्षां बराच वेळ चाललें होतें.

मीं प्रथम स्पीकर उघडून पाहिले. शंकूचा कागद उत्तम होता. त्याच्या भोंवतालची फोमची कडा मात्र बोट लावतांच शिळ्या भाकरीसारखी चुरली. हा फोम दहापंधरा वर्षांत, दमट हवेंत त्याआधींहि, असाच कुजतो; रबराची कडा पुष्कळ अधिक टिकते. कारागिराकडून नवी कडा बसवून घेतां येते, आणि नव्या जोडीच्या किंमतीपुढें तो खर्च कांहींच नव्हे. अँप्लिफायरची मात्र एक बाजू कायमची मुकी झाली होती. तेव्हां स्पीकर ठेवावयाचे आणि त्यांना चालवील असा रिसीव्हर आणावयाचा, असा निकाल लागला. रिसीव्हर हें नांव रेडिओच्या काळचें; ज्या अँप्लिफायरच्या पोटांत रेडिओहि असे त्याला तें पडलें, आणि आज चित्र व ध्वनि दोन्ही हातीं घेणाऱ्या यंत्रालाहि तेंच चिकटलें आहे.

दुकानांत गेल्यावर सर्वांत आधीं वॅट ऐकूं येतात. एका खोक्यावर १५० वॅट असें ठळक छापलें होतें. खालची बारीक अक्षरें चष्मा पुसून वाचलीं तेव्हां कळलें कीं, हा आंकडा एकच मार्ग चालू असतांना, एकाच स्वरावर, ६ ओहमच्या भारावर आणि १० टक्के विकृति पत्करून काढलेला होता! विश्वास ठेवण्याजोगा आंकडा म्हणजे ८ ओहमवर, निदान दोन मार्ग चालू ठेवून, २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत, अत्यल्प विकृतींत मोजलेला. त्या मोजणींत मोठमोठे आंकडे एकदम लहान होतात.

बरें, वॅट लागतात तरी किती? अण्णांच्या स्पीकरांच्या पाठीवर ८ ओहम आणि ८९ डेसिबल असें लिहिलेलें आहे. म्हणजे एका वॅटला एका मीटरवर ८९ डेसिबल आवाज. आमची शेवटची खुर्ची तीन मीटरवर; मोकळ्या जागेंत तेथवर नऊदहा डेसिबल गळतात, खोलींत भिंतींमुळें त्याहून कमी. एका वॅटला ८० तरी पदरांत पडतात. घरीं आपण चित्रपट ७० डेसिबलच्या आसपास ऐकतों, आणि एखादा स्फोट वीस डेसिबल वर गेला तरी त्याला दहा वॅट पुरे होतात. पन्नासाचे शंभर वॅट केले तर लाभ अवघ्या तीन डेसिबलचा, जो कानाला जेमतेम जाणवतो. वॅटांच्या चढाओढींत पैसा घालूं नये असें माझें स्पष्ट मत झालें आहे.

ओहमची गोष्ट मात्र हंसण्यावारी नेऊं नये. अण्णांनीं स्वयंपाकघरांतहि एक जोडी लावली होती. आठ ओहमच्या दोन जोड्या एकाच जागीं जोडल्या कीं भार चार ओहमचा होतो आणि प्रवाह दुप्पट ओढला जातो. माहितीपुस्तकांत तशी मुभा स्पष्ट दिलेली नसेल तर रिसीव्हर तापून बंद पडेल. आमच्या रिसीव्हरला ती मुभा नाहीं. स्वयंपाकघर सध्यां मुकें आहे, आणि त्याबद्दल मला रोज ऐकून घ्यावें लागतें.

दुकानांतील खास दालनांत नऊ मार्गांचा रिसीव्हर वाजवून दाखविण्यांत आला. डोक्यावरून पाऊस पडला, पाठीमागून घोडे गेले. पुतणे हरखले. मला दिसली ती तेथील एकच खुर्ची, बरोबर मध्यभागीं ठेवलेली. आमच्या घरीं आठ माणसें भिंतीपासून भिंतीपर्यंत बसतात आणि मध्यभाग एकालाच मिळतो. दोनच स्पीकर असले म्हणजे पात्राचें बोलणें दोहोंतून सारखें येतें, आणि मध्यें बसणाऱ्याला तें पडद्यांतूनच आल्यासारखें वाटतें. कडेला बसणाऱ्याला तें जवळच्या स्पीकरांत ओढलें जाऊन वाद्यांखालीं बुडतें. आत्याबाईंची आरामखुर्ची कडेलाच, दाराजवळ! चित्रपटांच्या पंचमार्गी ध्वनींत बहुतेक संभाषण मधल्या स्पीकरासाठीं वेगळें ठेवलेलें असतें. म्हणून आम्हांला हवा होता तो मधला स्पीकर, आणि त्याचा आवाज इतरांहून स्वतंत्रपणें वाढवूं देणारा साधा पंचमार्गी रिसीव्हर. डोक्यावरचा पाऊस आम्ही दुकानांतच ठेवून आलों.

मधला स्पीकर जुन्या जोडीच्या जातीचा मिळाला नाहीं. पात्र बोलत बोलत पडद्याच्या कडेला गेलें कीं त्याच्या आवाजाचा पोत किंचित् बदलतो. पुतण्यांना तें खटकतें. आत्याबाईंना खटकत नाहीं.

जोडणीच्या दोन गोष्टी खरेदीपूर्वींच पाहाव्या. टीव्हीच्या एचडीएमआय खांचेवर एआरसी ही खूण असली, तर टीव्हीचा ध्वनि त्याच तारेनें रिसीव्हरकडे परत येतो. ती सोय २००९ पासूनची आहे. दुसरी गोष्ट तबकड्यांची. तबकडीच्या सुईचा संकेत अवघा कांहीं मिलिव्होल्टांचा असतो आणि त्याला स्वतंत्र फोनो प्रवेश लागतो, जो स्वस्त रिसीव्हरांतून बहुधा गाळलेला असतो. आमच्यांतहि तो नव्हता, म्हणून एक लहानशी फोनो पेटी वेगळी घ्यावी लागली. अमेरिकेंतल्या भाच्यानें तिकडून स्वस्तांत रिसीव्हर आणण्याची तयारी दाखविली होती. पण तेथील यंत्र १२० व्होल्टांवरचें, आपली वीज २३० व्होल्टांची, तेव्हां त्याला आभार कळविले.

बसविण्याच्या दिवशीं रिसीव्हरबरोबर आलेला मायक्रोफोन निरनिराळ्या आसनांवर, कानाच्या उंचीला धरून यंत्राकडून खोली मोजून घेतली. पहिलें मोजमाप आरामखुर्चीवरून केलें. मधला स्पीकर टीव्हीखालीं, तोंड किंचित् वर करून बसविला आणि त्याचा आवाज तीन डेसिबल चढविला. रात्रीं मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर उचलणारी एक कळ असते, तीहि लावली. त्या रात्रीं आत्याबाई आल्या. कुजबुजीचे प्रसंग अजून त्यांना निसटतात, आणि मग "काय म्हणाला ग तो?" होतेंच, पण सबंध चित्रपटांत दोनदांच झालें, आणि शेवट होईपर्यंत त्या उठल्या नाहींत.

थोरल्या वहिनींनीं नव्या यंत्रासाठीं एक विणलेला रुमाल तयार ठेवला होता. रिसीव्हरच्या पाठीवरून उष्णता बाहेर पडावी लागते, वर चार बोटें तरी मोकळी हवा हवी, म्हणून तो घालूं नये असें मीं भीतभीतच सांगितलें. तो रुमाल आतां तबकड्यांच्या यंत्राच्या झांकणावर आहे.