अर्ध्या रुपयाचा निकाल

अमेरिकेने १७९३ पासून चालत आलेले आपले एक सेंटचे नाणे पाडणे १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत थांबविले, आणि त्यासाठी पुढे केलेले मुख्य कारण असे की, एक सेंट पाडण्यास साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येऊ लागला होता. हे कारण आम्हांस अपुरे वाटते. आपल्याकडे २०१८ साली माहितीच्या अधिकाराखाली उघड झालेल्या आकड्यांप्रमाणे एक रुपयाचे नाणे पाडण्यास १ रुपया ११ पैसे लागत होते. परंतु तेवढ्यावरून रुपया बंद करावा असे कोणी विचारी मनुष्य म्हणणार नाही. जे नाणे वर्षानुवर्षे सहस्रावधी हातांतून फिरते आणि प्रत्येक हाती एक व्यवहार पुरा करते, त्याच्या घडणावळीची तुलना त्याच्या दर्शनी मूल्याशी करणे हा हिशेबच चुकीचा होय. नाणे राखावे की मोडीत काढावे याची खरी कसोटी एकच, ती ही की, ज्याच्या हाती ते पडते त्याला ते पुढे खर्चता येते की नाही.

या कसोटीवर आपले पन्नास पैशांचे नाणे केव्हाच बाद झाले आहे. २०११ च्या नाणेविषयक कायद्यान्वये ते दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी आजही वैध आहे. पण भाजीवाली ते घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, आणि कायदा दाखवून ते त्यांच्या माथी मारणे न्यायाचेही नव्हे, कारण पुढे त्यांच्याकडून ते कोण घेणार? सबब ते नाणे सरकारने उघडपणे परत घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र ते कसे परत घ्यावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी रद्द झाली, तेव्हा ती बँकांतून बदलून घेण्याची मुदत रयतेस मिळाली खरी. परंतु रोखीच्या बिलात उरणाऱ्या अपूर्णांकाचे काय करावे, याचा निर्णय दुकानदाराच्या मर्जीवर राहिला. परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. सुटे नाहीत म्हणून गोळी हातावर ठेवली जाते, नाहीतर बिल बिनबोभाट वरच्या रुपयावर नेले जाते. ज्याच्याजवळ मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आहे तो पैशापैशाचा हिशेब चुकता करतो; रोजंदारीचे रोख पैसे घेऊन औषधाच्या दुकानी उभ्या राहिलेल्या हमालाला किंवा मोलकरणीला तो मार्ग नाही, आणि हा सूक्ष्म कर नेमका त्यांच्याकडून वसूल होतो. नाणे बंद केले त्या दिवशी अमेरिकेतही पूर्णांकनाचा राष्ट्रीय नियम झालेला नव्हता. म्हणजे आपलीच चूक तेथे पुन्हा घडली.

कॅनडाने हे काम अधिक विवेकाने केले. शेवटचा सेंट ४ मे २०१२ रोजी पाडला गेला, ४ फेब्रुवारी २०१३ पासून त्याचे वाटप थांबले, आणि तत्पूर्वीच सरकारने सांगून ठेवले की, पूर्णांकन प्रत्येक वस्तूच्या किमतीचे नव्हे तर एकूण बिलाचे, तेही केवळ रोखीच्या व्यवहारात, जवळच्या पाच सेंटांवर करावे. आपण हेच तत्त्व रुपयाच्या बाबतीत स्वीकारावे. परंतु त्यात एक दुरुस्ती अवश्य करावी. बिलाच्या शेवटी बरोबर पन्नास पैसे उरले तर ते प्रचलित गणिताप्रमाणे वर न नेता ग्राहकास सोडावेत. कारण पन्नास पैशांवर संपणारे दर आपल्याकडे थोडे नाहीत, आणि ते नेहमीच वर नेले तर दुकानदारास कायमचे व विनाश्रम उत्पन्न मिळेल. सुट्या पैशांऐवजी वस्तू देणेही याच नियमाने निषिद्ध ठरावे.

अर्थमंत्रालयाने अर्ध्या रुपयाचे नाणे परत घेण्याची अधिसूचना आणि पूर्णांकनाचा हा नियम एकाच दिवशी जारी करावेत. नियमाविना अधिसूचना मात्र काढू नये.