दिवाळीच्या आत नको

पाऊस ओसरला की आपल्या धंद्यातले फोन वाजू लागतात. लोणावळ्याचा बंगला, पाचगणीतलं एखादं जुनं वसतिगृह, माथेरानचं हॉटेल, मुळशीकडचं फार्महाऊस. बोलणं सगळ्यांचं एकच असतं: कुंपण काळवंडलंय, फाटक भुरकट पडलंय, व्हरांड्याच्या कठड्याचे पापुद्रे निघालेत; दिवाळीच्या आत चकाचक करून द्या. आपणही हो म्हणून मोकळे होतो. चार महिने बाहेरचं काम बंद असतं, कारागीर गावाहून परतलेले असतात, त्यांना सणाची उचल द्यायची असते. होकारामागची ही गरज मला कळते. तरी या अंकात सांगायचं ते हेच की, उघड्यावरच्या लाकडाचं काम आपण वर्षातल्या सर्वांत चुकीच्या पंधरवड्यात उरकतो, आणि तेही घरातल्या कपाटाला शोभेल अशा मालाने. पुढच्या आषाढात पापुद्रे सुटले की मग कंपनीला बोल लावतो, नाहीतर पूर्वीसारखा साग हल्ली मिळत नाही म्हणून सुस्कारा टाकतो.

आधी ओलीचं बघू. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, हे आपल्या पोरसवदा हेल्परलाही ठाऊक असतं. किती, ते मात्र कुणी मोजत नाही. सलग बरेच दिवस हवेत ९० टक्के आर्द्रता राहिली, तर लाकूड सुमारे २० टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. आर्द्रता ८० वर उतरली की १६, आणि ६५ वर उतरली की १२ च्या आसपास. हे नुसत्या हवेचं झालं. पावसात प्रत्यक्ष भिजलेल्या खांबाचा आकडा याच्या बराच वर असतो. तेल किंवा स्टेन नीट मुरायचा, तर लाकूड १५ टक्क्यांच्या खाली हवं. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथला कठडा घटस्थापनेला हाताला कोरडा लागला, तरी आतलं लाकूड ओलंच असतं. त्यावर पक्का थर चढवला की ऑक्टोबरचं ऊन ती ओल बाहेर ओढतं, तिला वाट मिळत नाही, आणि आठ-पंधरा दिवसांत फोड दिसू लागतात.

मॉइश्चर मीटर आता दुर्मिळ राहिलेला नाही, पण किती जणांच्या पेटीत तो असतो? दोन टोचण्यांचा मीटर घ्या. उन्हातल्या वरच्या आडपट्टीवर टोचून खूश होऊ नका. सावलीची बाजू, खालची आडपट्टी, खांबाचा जमिनीलगतचा भाग आणि फळीचं कापलेलं टोक, इथे मोजा. लाकडाच्या जातीप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, आणि वाळवीसाठी क्षार भरलेल्या लाकडात तो फसवतो, एवढं ध्यानात असू द्या. घाटमाथ्यावर सगळीकडे १५ च्या खाली यायला सहसा नोव्हेंबरचा मध्य उलटतो. सोलापूर-बार्शीकडे हे कितीतरी आधी जमतं. तिकडच्या मित्रांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

मग ऑक्टोबरात हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. धुणं, जुना माल काढणं, सडके तुकडे बदलणं, गंजके खिळे उपसणं, सांधे बसवणं ही सगळी कामं तेव्हाच करायची. कामाचे दोन तुकडे पाडा, दरपत्रकाचेही पाडा. पहिल्या तुकड्याचे पैसे दिवाळीपूर्वी घ्या, कारागिरांची सोय होते. माल मात्र लाकूड वाळल्यावर. स्वच्छ धुतलेलं, दुरुस्त केलेलं कुंपण दिवाळीच्या पाहुण्यांना काही वाईट दिसत नाही. फक्त दुसऱ्या तुकड्याची तारीख सैल सोडू नका, कारण धुतलेलं लाकूड काही आठवडे उन्हात उघडं राहिलं, तर पुन्हा वरवर हात फिरवावा लागतो. ती मजुरी दरपत्रकात आधीच धरलेली बरी.

आता भुरकटपणा. गिऱ्हाईक त्याला ‘लाकूड सडलं’ म्हणतं, आणि आपण ती समजूत दूर करत नाही, कारण भीतीतून काम मिळतं. होतं असं: उन्हातले अतिनील किरण लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारं द्रव्य, मोडतात. पाऊस ते धुऊन नेतो. मागे फिके, सुटे तंतू उरतात आणि त्यावर बुरशी बसली की राखाडी रंग येतो. हा सगळा प्रकार वरच्या, मिलिमीटरहून पातळ थरात चालतो. खाली लाकूड जसंच्या तसं असतं. अमेरिकेत मॅडिसनला १९१० पासून फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी ही सरकारी प्रयोगशाळा आहे. तिच्या मोजणीप्रमाणे उघड्यावरचं मऊ लाकूड शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजतं, घट्ट लाकूड त्याहून कमी. सागाचं फाटक राखाडी झालं म्हणजे ते गेलं, असं नाही. मालकाला तो रंग आवडत असेल, तर धुऊन, बिजागऱ्या-खिळे पाहून तसंच राहू द्या म्हणावं, सल्ल्याचे पैसे घ्यावेत आणि परतावं. माझ्या मते तरी हेही आपल्या कामात मोडतं.

सड ही वेगळी गोष्ट. तिला २० टक्क्यांच्या वरची ओल दीर्घकाळ लागते, आणि ती डोळ्यांना दिसणाऱ्या सपाट फळीत क्वचितच असते. खांब मातीत शिरतो तिथे, सांध्याच्या पोटात, खांबाच्या उघड्या डोक्यावर ती शोधावी. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर रंगाचं बोलणं थांबवा आणि आधी सुताराला बोलवा.

राखाडी थरामुळे लाकूड मरत नसलं, तरी त्यावर माल धरत नाही. सुटे तंतू मालासकट उचलले जातात. म्हणून माल लावायचा असेल, तर तो थर पुरता काढावा लागतो, आणि इथेच आपल्याकडे सर्वांत जास्त नासधूस होते. प्रेशर वॉशर हाती आल्यापासून तर फारच. गाडी धुण्याचा बारीक धारेचा नोझल हातभर अंतरावरून साध्या पाइनवर मारला की मऊ रेषा खरवडून निघतात, कडक रेषा वर राहतात, आणि फळीवर कायमच्या नाळी पडतात. रुंद पंख्याचा नोझल, कमी दाब, धार तंतूंच्या दिशेने. घाण रसायनाने सोडवायची आणि पाण्याने फक्त वाहून न्यायची. (माथेरानकरांचं दुःख निराळं. तिथे मोटार दस्तुरीलाच थांबते. पंप आणि डबे घोड्यावर नाहीतर हातगाडीवर. त्यांनी नायलॉनचा ब्रश आणि बादली यांवर भर दिला, तर लाकडाचं भलंच होईल.)

काळा डाग दिसला की लगेच घासायला घेऊ नका, आधी तो कशाचा ते ओळखा. घरगुती ब्लीचचा एक थेंब टाका. मिनिट-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर ती बुरशी. तसाच राहिला तर माती किंवा लोखंड. बुरशी आणि राखाडी थर यांना सोडियम परकार्बोनेटचं पाणी पुरतं. ते तंतू फारसे फुलवत नाही. कॉस्टिक सोडा जुना ऑइल पेंट उतरवतो खरा, पण साग त्याने काळपट पडतो आणि क्षार आत राहिला तर नवा माल बिघडतो. वापरलाच तर नंतर सौम्य आम्लाचा हात देऊन भरपूर पाण्याने धुणं आलं. त्यासाठी, आणि खिळ्याखाली ओघळणाऱ्या निळ्या-काळ्या रेघांसाठीही, ऑक्झॅलिक आम्लासारखं औषध नाही. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने ती रेघ उमटते. आम्ल तिला विरघळवतं. प्लॅस्टिकची बादली, हातमोजे, चष्मा, आणि शेवटी स्वच्छ पाणी. ते विषारी आहे, गुरं-कुत्री पीत नाहीत ना ते बघा. ब्लीच आणि आम्ल मात्र एकाच बादलीत किंवा एकाच ओल्या फळीवर कधीही नको. क्लोरीन वायू सुटतो. आणि लोखंडी तारेचा ब्रश बाहेरच्या लाकडावर बंद करा. त्याचे कण तंतूंत अडकतात आणि पहिल्याच पावसात सगळ्या फळीवर काळे ठिपके उठतात. खिळे तेच ठेवले तर रेघाही परत येणार. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घाला.

आता चकाकीकडे येऊ. आपल्यातले बहुतेक जण फर्निचर पॉलिशमधून आलेले. ३२० नंबरपर्यंत घासायचं, सीलर द्यायचा, वर मेलामाइन किंवा पीयू, आणि पृष्ठभागात तोंड दिसलं की काम जमलं: हे शिक्षण घरात योग्य आहे. तेच आपण फाटकावर करतो. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं, थराखालचं लिग्निन मोडतं, आणि ज्यावर थर उभा आहे तेच सुटतं. कडेच्या एका फटीतून पाणी शिरतं आणि थराखाली अडकतं. मग पुढच्या वेळी सगळं खरवडल्याशिवाय गत्यंतर नाही. लाख पॉलिशचं तर बोलायलाच नको, पाण्याने ती पांढरी पडते.

उन्हाला अडवतो तो रंगकण, मुख्यतः आयर्न ऑक्साइड. म्हणून बाहेर अर्धपारदर्शक, आत मुरणारा स्टेन. मॅडिसनच्याच प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात अळशीचं तेल, मेण, बुरशीनाशक आणि रंगकण यांचं असं एक मिश्रण लोकांसमोर ठेवलं होतं. त्यातलं तेव्हाचं बुरशीनाशक पुढे विषारीपणामुळे मागे पडलं, पण तत्त्व आजही तेच आहे. थर नाही म्हणून पापुद्रा नाही. माल फक्त झिजतो, आणि दोन-तीन वर्षांनी धुऊन पुन्हा एक हात देता येतो. घाटमाथ्यावर नैर्ऋत्येकडे तोंड असलेल्या बाजूला त्याहूनही लवकर. नुसतं डबल बॉइल लावणाऱ्यांना एक सूचना: अळशीचं तेल बुरशीचं खाद्य आहे. बुरशीनाशकाशिवाय लावलं, तर कोकणात पहिल्याच श्रावणात फळी काळी होते.

लावण्याची रीत थोडक्यात. घासणं ६० ते ८० नंबरवर थांबवा. त्याहून गुळगुळीत केलं की लाकूड पीत नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा, मिनिटभरात मुरला तर लाकूड तयार. कापलेली टोकं आधी आणि दोनदा, कारण पाणी तिथूनच सर्वांत वेगाने शिरतं. सावलीत, एक फळी एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत. न मुरलेला माल पंधरा-वीस मिनिटांत फडक्याने पुसून घ्या, नाहीतर चिकट चट्टे राहतात.

त्या फडक्यांबद्दल मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेटतं. फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत नेमकं हेच झालं. बाविसाव्या मजल्यावर लाकडी तावदानांचं पॉलिशकाम चालू होतं, तेलाची फडकी तशीच पडली होती. आग १९ तास चालली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. आपल्या किती साइटवर संध्याकाळी फडकी गोणीत कोंबली जातात? ती पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत, किंवा मोकळ्यावर एकेक पसरून वाळवावीत.

जुन्या बंगल्यांत दोन धोके आणखी असतात. घरगुती रंगात शिसं दशलक्षात ९० भागांच्या वर नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर शिशाचे असू शकतात असं धरूनच चालावं: कोरडं घासायचं नाही, ओलं करून खरवडायचं, कचरा गोळा करायचा, पोरांना लांब ठेवायचं. दुसरा धोका हिरवट झाक असलेल्या प्रक्रिया केलेल्या लाकडाचा. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं ते मिश्रण देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली शोधलं आणि ते जगभर गेलं. अमेरिकेने २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून ते काढून घेतलं. लाकूड टिकतं त्याने, यात वाद नाही. पण त्याचा भुसा छातीत जाऊ देऊ नका आणि त्याचे तुकडे चहाच्या चुलीत घालू नका.

राहिलं दरपत्रक. कुंपण एका बाजूने मोजून चौरस फुटाचा दर लावणाऱ्यांना माल नेहमीच कमी पडतो: दोन्ही तोंडं, चारी कडा आणि टोकं धरा. हमी देऊ नका, फेरी द्या. दर पावसाळ्यानंतर एक पाहणी आणि दोन वर्षांनी एक हात, त्याचा आकडा आजच लिहून. मालाचं नाव, शेड नंबर, धुण्यासाठी काय वापरलं आणि लावण्याच्या दिवशी मीटरवर काय आकडा होता, हे एका कागदावर मालकाला द्या. पुढच्या वेळी ब्रश घेऊन येणारा माणूस आपणच असू, असं काही नाही.