'मलाच जमत नाही' म्हणण्यापूर्वी



नोकरी करणाऱ्या बायकांच्या तोंडून एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकते : 'माझंच काहीतरी चुकतंय, मलाच जमत नाही.' बाई बँकेतली असो, अंगणवाडीतली असो की कॉल सेंटरमधली, वाक्य तेच. त्यावर उपाय म्हणून ताणमुक्तीची शिबिरं भरतात. दीर्घ श्वास घ्या, चांगले विचार करा! म्हणजे बदलायचं ते बाईनं. काम मात्र आहे तसंच. यामागे जे 'कामाचं मानसशास्त्र' उभं आहे, त्याच्याकडे आपण आपल्या नजरेनं पाहायला हवं.

या शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक प्रयोग हमखास असतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२७ साली टेलिफोनचे सुटे भाग जोडणाऱ्या मुलींचा एक छोटा गट वेगळ्या खोलीत बसवला. त्यांना मधल्या सुट्ट्या दिल्या, तास कमी केले, मोबदला त्या गटाच्या कामाशी जोडला. उत्पादन वाढलं. एल्टन मेयो आणि सहकाऱ्यांनी त्यातून सांगितलं, की आपुलकीनं लक्ष दिलं की कामगार मन लावून काम करतात. पण १९२८ मध्ये दोघींना 'फार बोलतात, सहकार्य करत नाहीत' म्हणून त्या खोलीतून काढलं आणि दुसऱ्या दोघी आणल्या, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याच कारखान्यात पुढे चौदा पुरुषांचा अभ्यास झाला. त्यांनी आपसांत ठरवून उत्पादन आटोक्यात ठेवलं; अभ्यासकांनी ते नुसतं नोंदवलं. बायकांवर देखरेख, पुरुषांचं निरीक्षण! जोन अ‍ॅकर आणि डोनाल्ड व्हॅन हाउटन यांनी १९७४ मध्ये हा भेद दाखवून दिला.

म्हणून हे शास्त्र टाकून द्यायचं का? मुळीच नाही. त्यातल्या काही कल्पना आपल्या हातातली हत्यारं होऊ शकतात.

रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं, की नुसत्या जास्त कामानं माणूस खचत नाही. काम जास्त आणि ते कसं, कधी करायचं हे ठरवण्याचा अधिकार मात्र नाही, तिथे ताण सर्वांत घातक होतो. आता अंगणवाडी सेविकेकडे पाहा. मुलं, आहार, वजनं, नोंदी, वर सर्वेक्षणं. यातलं ती काय ठरवते? आणि पदरात पडतं ते 'मानधन', पगार नव्हे. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क मान्य व्हायलासुद्धा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला.

दुसरी कल्पना भावनिक श्रमांची. आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामावर लिहिताना दाखवलं, की हसतमुख राहणं, राग गिळणं हेही काम आहे आणि ते मालक विकत घेतो. नर्स, शिक्षिका, दुकानातली विक्रेती, सगळ्याच हे करतात. पण त्याला 'बाईचा स्वभाव' म्हटलं, की मोल द्यायला नको.

तिसरी कल्पना कामानं पार विझून जाण्याची, ज्याला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. सततचा थकवा, कामाविषयी तुटलेपण, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ते आजारांत धरलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाशी जोडलं. म्हणजे दुखणं बाईचं दिसलं, तरी मूळ कामाच्या रचनेत शोधायचं.

हीच फूटपट्टी आता आपल्या संघटनांनाही लावू या. अत्याचाराच्या केसेस रोज ऐकणारी कार्यकर्ती रात्री ते सगळं कुणाजवळ मोकळं करते? 'आपल्यात कुणी वरिष्ठ नाही' असं म्हणताना निर्णय खरोखर सगळ्या मिळून घेतो, की दोघी-तिघीच? बैठकीचा चहा, रुसवेफुगवे, समजूत काढणं नेहमी त्याच मैत्रिणीच्या वाट्याला का येतं? चळवळीवरच्या निष्ठेच्या नावाखाली सुट्टी मागणारीला अपराधी वाटत असेल, तर मालकाहून आपण वेगळ्या कशा?

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं दोन याद्या कराव्यात : मी काय काय करते, आणि त्यातलं काय मी ठरवते. याद्या शेजारी ठेवून वाचा. मग 'मला जमत नाही' हे वाक्य बदलून 'हे काम असं का रचलंय?' असा प्रश्न विचारता येईल. त्या प्रश्नातून मागण्या निघतात, आणि त्या एकटीच्या राहत नाहीत.