आधी घासा, मग रंगवा!

लोखंडाला रंग शोभेसाठी देतात असं तुम्हाला वाटतं का? तसं असेल तर आपल्या इंजिनिअरिंगचा काही उपयोग नाही! लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. त्यांना लांब ठेवणं हे रंगाचं खरं काम. पण गंजावरच रंग फासला तर ओल आणि क्षार आतच कोंडले जातात. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून उचलतो आणि पोपडे निघतात. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण मला, कॉन्व्हेंटवालीला, मेसच्या मावशींनी शिकवली. ती इथे अगदी फिट बसते.

स्कॉटलंडचा फोर्थ रेल्वे पूल १८९० साली सुरू झाला. त्याचं रंगकाम इतकं प्रसिद्ध, की न संपणाऱ्या कामाला इंग्रजीत त्याचंच नाव पडलं. मग २०११ मध्ये ते संपलं कसं? जुने थर ब्लास्टिंगने पार काढले, उघड्या पोलादावर तीन कोट दिले. आता निदान २५ वर्षं तो टिकेल असा अंदाज आहे. रंग भारी होताच, पण त्याखाली स्वच्छ पोलाद होतं.

आपल्याकडे काय होतं? कमिटी येणार म्हटलं की होस्टेलच्या रेलिंगवर आणि टाकीच्या स्टँडवर एका दिवसात सिल्व्हर रंग चढतो. खालचा गंज तसाच!

यात पैसे वाया जातात हे तर आहेच, पण गंज झाकला जातो हे जास्त वाईट. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, चार माणसं गेली. नुसत्या रंगाने तो वाचला असता असं मी म्हणत नाही. पण गंज डोळ्यांना दिसला तर निदान कोणी विचारेल तरी, की आत लोखंड किती उरलंय?

रेलिंगसाठी ब्लास्टिंग कोण करणार, असं सर म्हणतील. मान्य! पण तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि कोरडा दिवस तर मिळेल ना? कडांवर आणि वेल्डिंगवर रंग पातळ बसतो, तिथे ब्रशने एक जादा हात द्यावा. रंगाच्या कामात ‘घासणे’ ही वेगळी बाब लिहावी आणि प्राइमर लावण्याआधी कोणीतरी बघून सही करावी. सिव्हिल-मेकॅनिकलची पोरं हे तपासायला एका पायावर तयार होतील. विचारून तर बघा!