बटण... बटण... बटण...

मंडळी, आमच्या घरात आणि ब्लॉगवरच्या मित्रांत निम्मे लोक सॉफ्टवेअरवाले. आजचं लिखाण त्यांच्यासाठी. सूर जरा चढा वाटला तर जुन्या मास्तरची सवय समजा.

माझा एक जुना विद्यार्थी दृष्टिहीन आहे. तो मोबाईल कानाने वाचतो. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून दाखवतो. परवा त्याने मला त्याच्या बँकेचं ॲप ऐकवलं. "बटण... बटण... बटण... बटण." यातलं पैसे पाठवायचं कुठलं? "तुम्हीच ओळखा, सर," म्हणाला आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

त्याच्याकडून कारण समजून घेतलं. पडदा वाचणाऱ्या प्रोग्रामला चित्र कळत नाही. बटण करणाऱ्याने त्याला जे नाव लिहून ठेवलं असेल तेच तो वाचतो. डॉसच्या काळी पडद्यावर अक्षरंच असायची, ती वाचणं सोपं होतं. मग चित्रं आली, माऊस आला. तुम्ही कागदी विमानाचं चित्र काढलंत, डोळसांना कळलं की हे 'पाठवा'. पण नाव लिहायचं राहिलं. एका ओळीचं काम! वर्गात हजेरीपटावर नाव न घालता "ए, तिसऱ्या बाकावरचा" अशी हाक मारण्यातला हा प्रकार.

यावर ठरलेली उत्तरं मिळतात. "असे वापरणारे कितीसे?" २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख नोंदले गेले. "त्यांच्यासाठी वेगळं ॲप काढू." म्हणजे वेगळी पंगत! मुख्य ॲप दर महिन्याला सुधारणार आणि वेगळं धूळ खात पडणार. "नंतर करू." घर बांधून झाल्यावर दार पाडायला खर्च जास्तच येतो. आलेख, नकाशे कानाने समजावणं खरंच अवघड आहे, ते मान्य. पण 'पाठवा', 'रद्द करा' यात काय अवघड आहे?

आणि ही मेहेरबानी नव्हे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. बँकेच्या ओळख-पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात, ते ज्यांना शक्यच नाही त्यांनी काय करावं? दृष्टिहीन आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला, की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

खरं तर अवघड काम दुसऱ्यांनी करून ठेवलंय. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली एनव्हीडीए हा पडदा वाचणारा प्रोग्राम सुरू केला, जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला आणि दोघांनी तो जगाला फुकट दिला. वाचणारा यंत्रवाचक अंधांनीच घडवला. डोळस मंडळींकडे उरलं काय, तर फक्त नावं घालणं. तेवढंही होऊ नये?

तेव्हा गृहपाठ देतो. फोनच्या सेटिंगमध्ये 'टॉकबॅक' किंवा 'व्हॉइसओव्हर' सुरू करा, डोळे घट्ट मिटा आणि तुम्हीच बनवलेल्या ॲपमधलं एक काम पुरं करून दाखवा. जमलं तर मला कळवा, पाठ थोपटीन. नाही जमलं तर सोमवारी आपल्या साहेबांना कळवा.