बँड परत येतो, पण सगळे येतात का?

आपल्यासारख्या इंजिनीअरिंगवाल्यांना 'रियुनियन' हा शब्द शिकवला तो 'रॉक ऑन!!' ने. पिक्चर २००८ चा. तेव्हा आपण धड के.जी.तसुद्धा नव्हतो, पण होस्टेलमध्ये दरवर्षी फर्स्ट इयरची बॅच तो नव्याने बघते आणि दुसऱ्या दिवशी निम्मा मजला गिटार घ्यायचा विचार करतो! चौघे मित्र, फुटलेला बँड, मध्ये गेलेली वर्षं आणि मग शेवटी सगळे एका स्टेजवर. मराठीच्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पुनर्मीलन म्हण." मी कॉन्व्हेंटवाली, 'एकोणसत्तर' म्हटलं की अजून बोटं मोजते, पण मलाही पुनर्मीलन म्हटलं की जत्रेत हरवलेले जुळे भाऊ आठवतात. म्हणून या लेखात आपलं रियुनियनच बरं.

पिक्चरमध्ये सगळे परत येतात. खऱ्या आयुष्यात तसं फार कमी वेळा होतं. बँड परत येतो, नाव परत येतं, लोगो परत येतो, तिकीटं विकली जातात. पण ज्यांनी कधीकाळी त्या बँडमध्ये वाजवलं, चाली बांधल्या, भांडणं केली आणि मध्येच गेले, त्यांचं काय? माझं म्हणणं सरळ आहे. स्टेजवर कोणाला घ्यायचं हा बँडचा प्रश्न, पण जुन्या माणसाचं नाव पुसायचा हक्क कोणालाच नाही.

सुरुवात पंकपासून करू. १९७५ साली लंडनमध्ये एक बँड उभा राहिला, सेक्स पिस्टल्स. (नाव वाचून मॅगझिन कमिटीने कृपया कात्री काढू नये, ते खरंच तसं आहे!) या बँडचा चेहरा म्हणून जगभर टी-शर्टवर जो छापला जातो तो सिड व्हिशस, बास वाजवणारा. आता गंमत बघा. सिड बँडमध्ये आला १९७७ च्या फेब्रुवारीत. त्याच्या आधी बास वाजवायचा ग्लेन मॅटलॉक. बँडचा एकमेव स्टुडिओ अल्बम १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये आला. त्यात १२ गाणी. त्यातल्या १० गाण्यांच्या रचनेत मॅटलॉकचा वाटा आहे! आणि सिड? त्याला बास नीटसा वाजवता येत नव्हता, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक बास गिटारिस्ट स्टीव्ह जोन्सनेच वाजवला. सिड १९७९ मध्ये वारला आणि दंतकथा झाला. मॅटलॉक जिवंत राहिला आणि विसरला गेला.

मी स्वतः कॉलेजच्या बँडमध्ये बास वाजवते, त्यामुळे हे वाचून मला जरा जास्तच लागलं. बासिस्टचं दुःख बासिस्टलाच कळतं. लोक विचारतात, "तुझ्या गिटारला चारच तारा काहून आहेत?"

पण मॅटलॉकची गोष्ट तिथे संपत नाही. १९९६ मध्ये सेक्स पिस्टल्स पुन्हा एकत्र आले तेव्हा बास वाजवायला तोच आला. २०२४ मध्ये पुन्हा दौरे सुरू झाले तेव्हा मूळ गायक जॉन लायडन नव्हता, त्याच्या जागी फ्रँक कार्टर गायला, आणि मॅटलॉक होताच. म्हणजे ज्याला हटवलं होतं तो परत आला आणि जो बँडचा आवाज होता तो बाहेर राहिला. या रियुनियनला खरं म्हणायचं की खोटं? माझ्या मते ज्या गाण्यांसाठी लोक येतात ती बांधणारे जर स्टेजवर असतील, तर ते खरंच आहे. फक्त पोस्टरवर स्पष्ट लिहा, की गायक वेगळा आहे.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईत १९८४ मध्ये रॉक मशीन सुरू झाला. त्या काळात आपल्याकडचे बहुतेक बँड इंग्लंड-अमेरिकेची गाणी जशीच्या तशी वाजवायचे. यांनी स्वतःची गाणी लिहिली. १९८८ मध्ये पहिला अल्बम, १९९० मध्ये दुसरा. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड केलं, १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम काढला आणि १९९७ मध्ये बँड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी आल्म्स फॉर शांती नावाचा वेगळा बँड केला. मग १३ वर्षांनी, २०१० मध्ये, इंडस क्रीड परत आला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे तिघे जुने. बासवर रुशद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे दोघे नवे. २०१२ मध्ये त्यांनी 'इव्हॉल्व्ह' नावाचा नवा अल्बम काढला.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. त्यांनी फक्त जुनी गाणी विकली नाहीत. दोन नवे लोक घेतले आणि त्यांच्यासोबत नवी गाणी केली. नव्या माणसाला 'त्याच्या जागी आलेला' म्हणून उभं करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण म्हणून मार्क सेल्विनचा बास किंवा मार्क मेनेझिस आणि बॉबी दुग्गलचे ड्रम्स विसरायचे का? जुनी गाणी लागतात तेव्हा खाली जो ठेका चालतो तो त्यांचाच आहे. ते स्टेजवर नसले तरी गाण्यात आहेतच ना!

दुसरं उदाहरण झीरोचं. हाही मुंबईचाच बँड. राजीव तलवार, बॉबी तलवार, वॉरेन मेंडोन्सा आणि सिद्धार्थ कुटो. २००५ मध्ये वॉरेन न्यूझीलंडला गेला. इथे भांडण नाही, कोर्ट नाही, साधा जागेचा प्रश्न. वॉरेनने पुढे ब्लॅकस्ट्रॅटब्लूज नावाने स्वतःचं संगीत काढलं, कुटो तर कितीतरी बँडमधून वाजत राहिला, आणि झीरो अधूनमधून एकत्र येत राहिला. (जनरल नॉलेज: 'रॉक ऑन!!' चं संगीत देणाऱ्या शंकर-एहसान-लॉयमधले लॉय मेंडोन्सा हे वॉरेनचे काका.) आपल्या कॉलेजच्या बँडांचंही शेवटी हेच होतं. कोणी पुण्याला, कोणी बंगलोरला, कोणी एम.एस. करायला. फुटत कोणी नाही, फक्त पांगतात.

आता जरा टेक्निकल बोलू, शेवटी आपण इंजिनीअर. गाण्याची कमाई वाटताना कायदा मुख्यतः दोन जणांना रचनाकार मानतो, शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये सुधारणा झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. वाजवणाऱ्यांना 'परफॉर्मर' म्हणून वेगळा हक्क आहे. पण बँडमध्ये गाणं कसं बनतं ते प्रॅक्टिसला बसलेल्यांना विचारा! एक जण अर्धी ओळ आणतो, ड्रमर ठेका बदलतो, त्या ठेक्यामुळे चालच बदलते. मग कागदावर नाव कोणाचं? बहुतेक वेळा ज्याने अर्धी ओळ आणली त्याचं. ड्रमर गेला की त्याचा ठेका राहतो, नाव जातं.

निर्वाणाचं बघा. बर्डीच्या फूटपाथवर ज्याचा पिवळ्या स्मायलीवाला टी-शर्ट मिळतो तोच बँड. १९९१ च्या 'नेव्हरमाइंड' अल्बमवर ड्रम्स डेव्ह ग्रोलचे, हे सगळ्यांना माहीत. पण 'पॉली' या गाण्यातल्या झांजा आधीच्या ड्रमरच्या, चॅड चॅनिंगच्या आहेत, आणि अल्बमवर त्याचं नाव नव्हतं. २०१४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये निर्वाणाचा समावेश झाला तेव्हा चॅनिंग त्या यादीत नव्हता. मग स्टेजवरून ग्रोलने सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले आणि 'इन ब्लूम' मधला ड्रम्सचा भाग मूळचा चॅनिंगचा आहे, हे सांगितलं. बॉस, याला म्हणतात मोठेपणा! त्यात ग्रोलचं काय कमी झालं? काहीच नाही.

कोणाला वाटेल, हे सगळं गोऱ्यांचं कौतुक आहे. तसं नाही. आपल्या संगीत नाटक कंपन्या म्हणजे त्या काळचे बँडच होते! १९११ च्या 'संगीत मानापमान' ला चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. म्हणजे बँड फुटला! मग १९१५ मध्ये टेंबे तिथूनही बाहेर पडले. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका स्टेजवर. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. लोक अजून त्या रात्रीबद्दल लिहितात. पण दोघं ज्या चाली गात होते त्या टेंब्यांच्या, ज्यांना गंधर्व मंडळी सोडून सहा वर्षं झाली होती. आणि आजही 'मानापमान' च्या पदांबरोबर टेंब्यांचं नाव लिहिलं जातं. म्हणजे ही रीत आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे. शिकायला लंडनला जायची गरज नाही.

यावर माझे मित्र एक मुद्दा काढतात आणि तो खोटा नाही. "जो गेला तो गेला. जे राहिले त्यांनी रिकाम्या हॉलमध्ये वाजवलं, अँप स्वतः उचलले, घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग नाव झाल्यावर जुन्याने येऊन वाटा मागायचा?" ओएसिसचा पहिला ड्रमर टोनी मॅकॅरॉल याला १९९५ मध्ये काढलं. तो कोर्टात गेला आणि १९९९ मध्ये साडेपाच लाख पौंडांवर तडजोड झाली. २०२५ मध्ये ओएसिस परत आले तेव्हा ड्रम्सवर तो नव्हता. यात मला काही चुकीचं वाटत नाही. ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासोबत स्टेजवर कोणी का उभं राहावं? पण पहिला अल्बम ज्याने वाजवला त्याचं नाव पहिल्या अल्बमवर राहणारच. जागा वेगळी, नाव वेगळं. जागा बँड ठरवतो. नाव तर आधीच ठरलेलं असतं, काम झालं त्या दिवशी.

हे सगळं मी आत्ता का लिहितेय? कारण या गॅदरिंगला आपल्या कॉलेजच्या जुन्या बँडचं रियुनियन ठरतंय. पास आउट झालेले चार सीनियर्स येणार, दोन पुण्याहून, एक हैदराबादहून, एक तर सुट्टी काढून दुबईहून. मस्तच! पण त्या बँडमध्ये पाच जण होते. पाचवा ड्रमर. ज्या गाण्यावर आजही अख्खं कॉलेज टेबलं बडवतं, त्याचा ठेका त्याचा. त्याला दुसऱ्या वर्षी इयर डाऊन लागलं, मग घरच्या परिस्थितीमुळे कॉलेज सुटलं. आज तो नागपुरातच धुमाल पार्टीत वाजवतो. लग्नाच्या वरातीत आपण सगळे त्याच्या तालावर नाचलो असू, राजेहो, फक्त कोण वाजवतंय ते बघितलं नसेल.

मीटिंगमध्ये त्याचं नाव निघालं तेव्हा दोन उत्तरं मिळाली. एक, तो ॲल्युम्नाय नाही, डिग्री नाही. दोन, "धुमालवाला स्टेजवर कसा दिसेल?" पहिल्या उत्तरावर मी म्हणते, गाण्याला डिग्री लागत नाही. लागत असती तर आपले निम्मे बँड फर्स्ट सेमलाच बंद पडले असते. दुसऱ्या उत्तरावर काय बोलणार? चाळीस डिग्रीच्या उन्हात चार-चार तास न थांबता वाजवून दाखवा, मग बोलू.

माझ्या मागण्या तीन. एक, पोस्टरवर पाचही नावं छापा, कोण येतंय कोण नाही ते खाली लिहा. दोन, त्याला रीतसर निमंत्रण द्या. यायचं की नाही ते तो ठरवेल, आपण नाही. तीन, कॉलेजच्या प्रत्येक बँडने आपल्या गाण्यांची एक वही ठेवावी. कोणी काय लिहिलं, कोणी काय वाजवलं, कोणत्या वर्षी. दोनशे पानी वही कॅन्टीनच्या एका प्लेट तर्री पोह्यांपेक्षा फार महाग नाही.

मी फायनल इयरला जाईन, मग माझीही बासची जागा कोणीतरी घेईल. घेऊ दे, माझ्यापेक्षा चांगलं वाजवू दे. फक्त त्या वहीत माझी एक ओळ असावी, एवढंच म्हणणं आहे. आणि माझ्या आधी, त्याची.

बघा, पटतंय का. पटलं तर कमिटीच्या पुढच्या मीटिंगला या आणि हात वर करा!