पाहिले तेवढेच लिहावे

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात चार दिवस जगभरची लहानथोर माणसे आपापल्या अंगणातील, शेतातील व तळ्याकाठचे पक्षी मोजून त्यांची नोंद करतात. भारतात हा उपक्रम २०१३ पासून चालू आहे. यंदा आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांनी त्यात भाग घ्यावयाचे ठरविले. शनिवारी पहाटे तळ्याच्या बांधावर आणि रविवारी मिस्सा आटोपल्यावर माळावर, असा बेत होता. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा आमचा मुलूख. काळे रान, मधून मधून तांबडा माळ आणि कापणीला आलेला जोंधळा. पाखरांना येथे तोटा नाही.

रविवारी दुपारी यादी आमच्या हाती आली. टिटवी, खंड्या, वेडा राघू, ढोकरी अशी ओळखीची नावे होती. ज्यांना गोफणीने हाकलता हाकलता राखणदाराचे हात दुखतात, त्या भोरड्या तर शेकड्यांनी मांडल्या होत्या. परंतु यादीच्या अखेरीस ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘माळढोक – १’.

वाचकहो, आमचे मन क्षणभर हर्षाने भरून आले. एके काळी दख्खनच्या माळांवर सर्वत्र फिरणारा हा मीटरभर उंचीचा, भारदस्त पक्षी आता सबंध देशात दीडशेच्या आसपासच उरला असावा असा अंदाज आहे. आपल्या शेजारच्या सोलापुराजवळ, नान्नज येथे, १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य करण्यात आले; तेथेही तो आता दिसेनासा होत चालला आहे. असा पाहुणा आपल्या शिवारात यावा, हे केवढे भाग्य!

ज्या मुलाने तो पाहिला होता त्याला आम्ही जवळ बोलावले. “बाळ, किती अंतरावरून पाहिलास?” त्याने मान खाली घातली. “फादर, लांब जोंधळ्याच्या कडेला उंच मान दिसली आणि लगेच नाहीशी झाली. मला वाटले, लांडोर असेल. पण सगळे म्हणाले, माळढोकच लिही.” इतक्यात एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “असू द्या हो फादर. गावाचे नाव होईल. खरे-खोटे पाहावयास कोण येणार आहे?”

तेव्हा आम्ही त्या मंडळींना रानपिंगळ्याची हकीकत सांगितली. ती येथेही सांगतो.

आपल्या गावातील पिंगळा सर्वांना ठाऊक आहे. त्याचाच रानात राहणारा भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. १८७३ साली ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले. त्यानंतर त्याचे मोजकेच नमुने मिळाले. १८८४ साली खानदेशात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने काही जमविले आणि पुढे हा पक्षी कोणाच्या दृष्टीस पडला नाही. मात्र माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलाच्या संग्रहात एक नमुना होता. आपण तो १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे मिळविला, अशी चिठ्ठी त्यावर होती. कर्नलसाहेब मोठे नावाजलेले. त्यांच्या शब्दावर संशय कोण घेणार? त्या चिठ्ठीच्या आधारे शोध घेणारे भलत्याच ठिकाणी फिरत राहिले.

पुढे पामेला रासमुसेन या विदुषींनी तो नमुना बारकाईने तपासला. तो डेव्हिडसननेच १८८४ साली मिळविलेला होता! कर्नलाने तो लंडनच्या संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर आपली खोटी चिठ्ठी लावली होती. बाईंनी ती चिठ्ठी बाजूस सारली आणि जुन्या, प्रामाणिक नोंदींचा माग धरला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, त्यांना व त्यांच्या दोघा सोबत्यांना सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ भरदिवसा रानपिंगळा दिसला. ११३ वर्षे हरवलेला पक्षी सापडला! पुढे मेळघाटात व इतरत्रही तो आढळला. आजही तो संकटात आहे. परंतु कोठे आहे हे ठाऊक असल्यामुळे निदान त्याचे रान राखता येते.

आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको असे बजावते. ती फक्त कचेरीतल्या पिंजऱ्यासाठी आहे अशी आपली समजूत असते. परंतु बांधाच्या वादात शेजाऱ्यासाठी दिलेली जबानी, सोयरीक जुळविताना लपविलेले व्यसन, ऐकीव गोष्ट ‘मी डोळ्यांनी पाहिली’ म्हणून सांगणे, या सर्व खोट्या चिठ्ठ्याच होत. त्या लावणारा निघून जातो आणि मागचे लोक चुकीच्या रानात भटकत राहतात. आम्ही स्वतःही यातून सुटलेलो नाही. नीट ओळख नसलेल्या माणसास केवळ भिडेखातर चांगल्या वर्तणुकीचा दाखला आम्ही लिहून दिला आहे. ज्याच्या सहीला मान असतो, त्याचे खोटे अधिक दूर जाते, हे त्या कर्नलाच्या गोष्टीवरून आम्हांस कळले.

मुलाने ‘माळढोक’ खोडून लिहिले : ‘मोठा पक्षी – १, ओळख पटली नाही.’ त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनीही मान डोलाविली.

पुढल्या रविवारी तो मुलगा अंधार असतानाच उठून एकटा त्याच जोंधळ्याच्या कडेला जाऊन बसला आणि मिस्साच्या घंटेपूर्वी परत आला. “फादर, लांडोरीच आहेत. तीन!” असे सांगताना त्याचा चेहरा माळढोक पाहिल्यासारखाच फुलला होता. ज्या पित्याच्या नजरेतून एक चिमणीही सुटत नाही, त्याच्या दरबारात ही तीन लांडोरींची खरी नोंद एका खोट्या माळढोकाहून अधिक मोलाची ठरेल, याविषयी आम्हांस शंका नाही.